अर्ध्यांना आजोबा

आजोबा पुन्हा गायब झाले होते.

अमिषाने विहिरीमागे पाहिलं, देवळात पाहिलं, सुरूच्या झाडांपर्यंत सगळा किनारा पालथा घातला. ते कुठेच नव्हते. भरती चढत होती. पडवीत त्यांची न्याहारी तशीच पडली होती आणि घावनांवर माशा बसत होत्या. दुपारच्या आत उरणहून कान्हाकाका जीप घेऊन येणार होते, आजोबांना कायमचं घेऊन जायला. कपड्यांची पिशवी आईने भरून ठेवली होती.

"बघ," तिचा थोरला भाऊ निकेत म्हणाला, "मी उगाच बोलतो का?"

सुरुवात त्यानेच केली होती. किहीमच्या त्यांच्या वाडीत पाहुण्यांसाठी तीन खोल्या होत्या, त्यांचा सगळा कारभार निकेत बघायचा. एका पाहुण्याने जाताना वेबसाइटवर लिहिलं होतं, 'खोल्या छान, पण म्हातारे गृहस्थ पहाटेपासून बोलतात.' ते वाचल्यापासून निकेतच्या डोक्यात एकच होतं. आजोबांना उरणला कान्हाकाकांकडे ठेवायचं.

अमिषा नुकतीच संख्याशास्त्र घेऊन बीएस्सी झाली होती. ती म्हणाली, "दादा, अंदाजावर माणूस घराबाहेर काढायचा नाही. मोजून बघू."

तिने वेबसाइटचं पहिलं पान दोन तऱ्हांनी केलं. खोल्या त्याच, फोटो तेच, भाडं तेच. फरक एकच. एका पानावर आरामखुर्चीतल्या आजोबांचा फोटो आणि खाली सरळ लिहिलेलं, 'घरात आजोबा असतात. पहाटे उठतात. खूप बोलतात.' दुसऱ्या पानावर यातलं काहीच नाही. वेबसाइट उघडणाऱ्या निम्म्या लोकांना हे पान दिसणार, निम्म्यांना ते. कोणत्या पानावरून जास्त बुकिंग होतं ते महिनाभर बघायचं.

पडवीत बसून तिने हे घरच्यांना समजावलं होतं. आजोबा सुपारी कातरत शेजारीच होते. "अर्ध्यांना आजोबा दिसतील, अर्ध्यांना दिसणार नाहीत," ती म्हणाली होती. "आणि महिनाभर कुणी मधे लुडबुड करायची नाही. नाहीतर सगळं फुकट."

"आणि आजोबांमुळे बुकिंग कमी झालं, तर?" निकेतने विचारलं होतं.

"तर तू म्हणशील तसं."

आजोबांनी अडकित्ता खाली ठेवला होता.

त्यानंतरच त्यांचं बिघडलं. एखाद्या दिवशी पाहुण्यांना ताडगोळे सोलून देत, वादळात सापडलेल्या होडीची गोष्ट हातवारे करून सांगत. दुसऱ्या दिवशी न खातापिता नाहीसे होत आणि अंधार पडल्यावर घरात शिरत. विचारलं तर "हाय की हितंच" एवढंच. आईने दृष्ट काढली. अलिबागच्या डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. अमिषाने भरती-ओहोटीशी ताडून पाहिलं, उन्हाशी, गोळ्यांच्या वेळांशी. कशाचाच मेळ बसेना.

आणि काल रात्री मोजणी संपली. दोन्ही पानांवरून जवळजवळ सारखंच बुकिंग झालं होतं. फरक इतका किरकोळ की नाणं उडवलं तरी तेवढा पडावा. तिने सकाळी उठल्या उठल्या तो निकाल निकेतपुढे धरला.

त्याने नीट वाचला. "मान्य. पाहुण्यांना त्यांचा त्रास नाही," तो हळूच म्हणाला. "पण अमू, पाहुण्यांचं सोड. उद्या भरतीच्या वेळी खडकात जाऊन बसले तर? आपण दिवसभर कामात. कान्हाकाकांकडे चोवीस तास कुणीतरी असतं."

आणि त्याने कान्हाकाकांना बोलावून घेतलं.

आता ती वाडीच्या टोकाला आली, तिथल्या लाकडांच्या खोपीशी. दार ओढलेलं होतं, पण आतून तंबाखूचा वास येत होता. तिने दार ढकललं. आजोबा झावळ्यांच्या ढिगावर बसले होते, घामाने निथळत. कुडाच्या फटीला डोळा लावून ते अंगणात खेळणाऱ्या पाहुण्यांच्या मुलीकडे बघत होते. हातात नारळाच्या पातीची नवीकोरी पिपाणी होती.

अमिषा तिथेच उंबऱ्यावर बसली. मागून धावत आलेला निकेतही दारात थांबला.

"आजोबा," ती म्हणाली, "निकाल लागला. तुमच्यामुळे एकही पाहुणा कमी झाला नाही. संपलं ते सगळं काल."

"संपलं?" आजोबा वळले. "काल?"

"हो."

"मंग काल सांगायचं ना गो. सकाळपासून उपाशी बसलोय." ते गुडघ्यांवर हात टेकत उठले. "अर्ध्यांना आजोबा दाखवायचा, अर्ध्यांना न्हाय, तूच ना ठरवलेलंस? कालच्या पार्टीला दाखवला. आजच्यांना कसा दाखवू?"

एक पार्टी आड. अमिषाने सगळं ताडून पाहिलं होतं, पाहुणे तेवढे राहिले होते. ती हसायला लागली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. निकेतने तोंड फिरवून फोन लावला. "काका, निघालात? या ना. पण जेवायला या. ... नाही, पिशवी नाही. नुसतं जेवायला."

आजोबा तोवर अंगणाच्या वाटेला लागले होते.

"आजोबा, आधी दोन घास खाऊन घ्या," अमिषाने हाक मारली.

"मागनं," ते न थांबता म्हणाले. "महिनाभर अर्ध्या लोकांशी बोलायचं राहिलंय."