साहेबी तळवे

"कोणाले खरं वाटणार नाही, माय, पण आफ्रिकेत मी खुर्चीत बसो अन् साहेब स्टुलावर! मले विचारल्याबिगर सही करत नव्हता गडी!"

मोंबासाकडं रेल्वेवर नऊ वर्षं खडी फोडून सहदेव आता परतवाड्याला निघाला होता. पत्रातून मारलेली थाप उद्या तोंडानं मारायची, म्हणून तालीम चालली होती. आंधळी माय हात चाचपणार, म्हणून महिनाभर तळव्यांना खोबरेलही चोळून झालं होतं.

मायचं सोंग घेतलं होतं सोबतच्या नत्थुजीनं. डोळे मिटून त्यानं सहदेवचा तळवा चाचपला. पण त्याचाही हात दगडच, कळणार काय? मग त्यानं तो तळवा गालाला लावला.

"लबाडा," डोळे न उघडताच नत्थुजी म्हणाला, "लय राबवलं का रे तुले?"