पांढरा कंद

शेवटच्या कुंडीपाशी बाईंनी सुरा स्पिरिटनं पुसला आणि रेडिओ पुढं सरसावला.

रेडिओ हा रोगाच्या काचघरातला माळी. तोंडाला खळ नाही म्हणून हे नाव. बाई तिथल्या शास्त्रज्ञ. मर रोगाला दाद न देणारी केळी काढायची म्हणून अकरा वर्षं घासलेल्या. एकशे वीस रोपं होती, सगळी एकाच आई-बापाची, बाप रानटी केळ; पण प्रत्येक वेगळ्या बीचं, कुणासारखं दुसरं नाही. सगळ्यांच्या मातीत बाईंनी आपल्या हातानं त्या रोगाची बुरशी कालवली होती. एकशे एकोणीस पिवळी पडून मेली. सकाळपासून दोघं त्यांचेच कंद कापत होते. आत भिजल्या तंबाखूचा रंग. प्रत्येकापुढं रजिस्टरात पाच. शून्य म्हणजे निरोगी, पाच म्हणजे गेलं. शून्य अजून कुणाच्याच नशिबी आलं नव्हतं.

हे एकच रोप हिरवंगार उभं होतं, पण कंद कापून आत बघितल्याशिवाय शून्य लिहिता येत नाही. भावाची अख्खी केळीची बाग याच रोगानं खाल्लेली, म्हणून रेडिओ रोज संध्याकाळी त्याला या रोपाची खबर द्यायचा.

"बाई, कापायच्या आधी एक सांगू..."

"काल पाहुण्यांपुढं पाजळलीस तेवढी अक्कल पुरे. बुंधा धर."

सांगायचं होतं ते पिलांचं. काचघर बघायला पाहुणे येणार म्हणून परवा बाईंनी फर्मान काढलं होतं, कुठल्याच कुंडीत बुंध्याशी फुटलेलं पिल दिसता कामा नये. "त्या हिरव्याचंही काढू?" त्यानं विचारलं होतं. "एकदा सांगितलेलं कळत नाही का तुला?" म्हणून त्यानं त्याचीही दोन्ही पिलं काढली. रोगाच्या घरातलं पान न् पान भट्टीत जातं, तशी तीही गेली. आता या झाडाचा वंश म्हणजे हा एवढा कंद.

बाईंनी बुंधा छाटला, कंद उभा चिरला. आत खोबऱ्यासारखा पांढरा.

"अगं बाई!" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "कुठंतरी असेल डाग. असणारच." आणि काप काढू लागल्या.

कंदाला चार डोळे होते. एक जरी शाबूत राहिला तरी नवं रोप फुटतं, हे माळ्याला शिकवावं लागत नाही. पहिला डोळा सुऱ्याखाली गेला.

"बाई, तो डोळा..."

"गप रे मेल्या! हात हलतो माझा."

रेडिओचं डोकंच फिरलं. चिरा, तो मनात म्हणाला. बारीक चिरा. दुसरा डोळा गेला. तिसरा पलीकडच्या बाजूला होता, तर त्यानं कंद फिरवून नीट त्यांच्या हाताखाली दिला. चौथ्यालाही तसाच. बाई चिरत गेल्या, कापामागून काप, पांढऱ्यामागून पांढरा.

शेवटी त्यांनी सुरा टाकला आणि त्याचे मातीचे हात घट्ट धरले. रडत होत्या.

"एकसुद्धा डाग नाही रे! रानटी बापाचा गुण उतरला. बुरशी मुळाशी आली, झाडानं ओळखली आणि दारं लावून घेतली. दाराशी होत्या त्या पेशी मेल्या, पण तिला आत येऊ दिलं नाही!" त्यांनी नाक पुसलं. "जा, याची पिलं आण. कुठं लावलीस?"

"भट्टीत, बाई."

बाईंनी टेबलावरचे काप एकेक उलटून पाहिले. चारही डोळे मधोमध चिरलेले.

"तू बघत होतास," त्या हळूच म्हणाल्या.

"तुम्ही गप म्हणालात."

हे बोलताना गोड वाटेल, असं त्याला वाटलं होतं. पण भावाचा चेहरा आठवला आणि त्याला स्वतःची किळस आली.

"बाई," तो घाईघाईनं म्हणाला, "याच आई-बापाचं बी पुन्हा धरू की. हजार रोपं करू. मी घालीन पाणी, सुट्टी नको मला. एकदा आलं ते पुन्हा येईल."

"आणि इथं शून्य लिहू? झाड दाखवा म्हणतील. काय दाखवू, कोशिंबीर?"

त्यांनी रजिस्टर ओढलं. एकशे विसाव्या ओळीत पाच लिहिला, अक्षर नेहमीसारखंच वळणदार.

"हेही मेलं. कळलं? तुझ्या हातांनी कंद फिरवलाय, विसरू नकोस."

रेडिओनं मान डोलावली.

"काप भट्टीत टाक." पेन अजून त्यांच्या हातातच होतं. खालच्या शेऱ्याच्या रकान्यात त्या लिहू लागल्या, आणि सवयीनं मोठ्यानं वाचतही होत्या, "या आई-बापांच्या संततीत रोगाला तोंड देण्याची ताकद नाही. ही जोडी पुन्हा वापरू नये."