वहीतली रोजची ओळ

“वर जाऊ नकोस, पोरी. आधी नेल्बाबाईंशी बोल,” शाळेच्या फाटकावरच्या इर्मामावशी म्हणाल्या.

इवाना न थांबता जिना चढून थेट मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेली. मावशी आणि नेल्बाबाई रोज सकाळी ‘माते’ नावाचा तिकडचा कडू चहा एकाच नळीने पीत. मावशी बाईंचीच बाजू घेणार, हे उघड होतं.

तिच्या हातात मुलीची, पिलारची, निरोपवही होती. साल्तो शहरातली ही खाजगी शाळा अगदी लहान. पहिली ते नववी मिळून नव्वद मुलं, पिलारच्या तिसरीत अकरा. त्यामुळे वर्गशिक्षिका नेल्बाबाई रोज प्रत्येक मुलाच्या वहीत एक ओळ लिहीत आणि घरचं माणूस तिच्याखाली सही करून वही परत पाठवी. एवढं लक्ष मिळावं म्हणून तर इवानाने पिलारला मोठ्या शाळेतून काढून इथे घातलं होतं. तिथे पिलारशी कोणी खेळत नसे. पोरगी डबा तसाच परत आणायची, आणि शेवटी शेवटी तर घरातही बोलेनाशी झाली होती. ते पुन्हा होऊ नये, एवढीच इवानाची धडपड होती. बाईंची प्रत्येक ओळ ती दोनदा वाचायची.

‘पिलारने माझी पिशवी फाटकापासून वर्गापर्यंत आणली.’ ‘आज फळ्यावर तारीख पिलारने घातली.’ ‘पिलारने मला संत्रं सोलून दिलं.’ आणि गेले तीन आठवडे जवळजवळ रोज, ‘मधल्या सुट्टीत पिलार माझ्यापाशी वर्गात बसली.’ अक्षरही आताशा गचाळ होतं, ओळ सोडून खाली घसरलेलं.

त्या शेवटच्या ओळीवर इवाना अडली. बाकीची मुलं अंगणात, आणि तिची मुलगी पुन्हा एकटी आत. तिने पिलारला विचारलं होतं. मला आवडतं, असं पिलार म्हणाली. इवानाचा विश्वास बसला नाही. मोठ्या शाळेतही ती असंच म्हणायची.

“मी मुलीला शिकायला पाठवते, खेळायला पाठवते,” ती आवाज न चढवता मुख्याध्यापिकांना म्हणाली. “बाईंच्या हाताखाली कामाला नाही पाठवत.”

एक मूल गेलं तरी त्या शाळेला जाणवलं असतं. दुपारच्या आत ठरून गेलं. मधल्या सुट्टीत एकही मूल वर्गात थांबणार नाही, आणि बाईंची कामं बाई करतील.

दुसऱ्या दिवशी वहीत ओळ आली, ‘गृहपाठ, पान ४१.’ पुढे रोज तसंच. इवानाला बरं वाटलं. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लोकांच्या रक्ताचे अहवाल तपासता तपासता तिने सोबतच्या बाईला सांगितलंही की, बघ, आपण डोळ्यांत तेल घालून राहिलो की शाळा बरोबर सुधारते. एकदा ती सुट्टीच्या वेळी मुद्दाम कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. पिलार दोन मुलींबरोबर दोरीवरच्या उड्या मारत होती. मधूनच थांबून वर्गाच्या खिडकीकडे बघत होती, पण उड्या मारत होती.

दहाव्या दिवशी सुट्टी संपल्याची घंटा झाली. तिसरीची रांग वर्गाच्या दारात आली, तेव्हा नेल्बाबाई टेबल आणि फळा यांच्या मधे पडलेल्या होत्या. उजवं अंग गेलं होतं. वाचाही गेली. बाई तशा अर्धा तास पडून असाव्यात, कोणी लगेच हाक मारली असती तर बोलणं कदाचित वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

इर्मामावशींनी हे इवानाला फाटकात सांगितलं. रागाने नाही, नुसतंच सांगितलं. सप्टेंबरपासून बाईंच्या उजव्या हातात जोर राहिला नव्हता, हेही सांगितलं. डिसेंबरला शाळेचं वर्ष संपेपर्यंत कसंबसं रेटायचं आणि मग घरी बसायचं, असं बाईंनी ठरवलं होतं. वर कळलं असतं तर वर्ग तेव्हाच काढून घेतला असता.

घरी आल्यावर इवानाने वही सप्टेंबरपासून पुन्हा वाचली. पिशवी. फळा. संत्रं. उतरत उतरत गेलेलं ते अक्षर. प्रत्येक ओळीत दोन माणसं होती, आणि तिने दर वेळी एकच पाहिलं होतं. खाली तिची सही होती.

पिलार शेजारी येऊन उभी राहिली होती. “बाई म्हणायच्या, तू बसलीस की मला भीती नाही वाटत,” ती म्हणाली. मग तिने विचारलं, “मला बाहेर पाठवायला तू सांगितलंस?”

इवानाने हो म्हटलं. पिलारने तिच्या हातातून वही काढून घेतली. तेव्हापासून ती विचारलं तेवढंच बोलते.

इवाना तीनदा नेल्बाबाईंच्या घरी जाऊन आली. बाईंच्या बहिणीने तिन्ही वेळा दारातूनच सांगितलं की ती झोपली आहे. तिसऱ्या वेळी खिडकीचा पडदा हलला. आता बहीणही आपल्या गावी आर्तिगासला परत गेली. सकाळी शेजारीण येते, संध्याकाळी नर्स येते. दुपारी दोन ते सहा बाईंजवळ कोणी नसतं.

नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, हिरव्या खिडक्यांचं बाईंचं बैठं घर आहे. त्या वेळेला त्या बाजूला गेलात, तर खिडकीशी थांबून एकदा हाक मारा. आतून काही ऐकू यायला वेळ लागेल. थांबा. कोणी पाठवलं, ते मात्र सांगू नका.