तीन ठिपके

"मॅडम, डावीकडचा ठिपका कसा दिसतोय?" हुलवळेकाकांनी विचारलं.

मला राग आला. दोन दिवसांच्या बाळाच्या मणक्यातलं पाणी तपासायला आलं होतं. त्यातले जंतू प्लेटवर वाढून दिसायला उद्याची सकाळ उजाडणार होती. तोवर बाळाचं औषध या स्लाइडवरच ठरायचं होतं. जंतूंनी जांभळा रंग धरून ठेवला तर एक औषध, तो सोडून गुलाबी झाले तर दुसरं. मी घाईघाईने रंगवलेल्या स्लाइडवर ते स्वच्छ गुलाबी दिसत होते. पण आमचे हे जुने टेक्निशियन प्रत्येक नमुन्याच्या दोन्ही बाजूंना ओळखीच्या जंतूंचे ठिपके लावायला लावायचे: डावीकडे हमखास जांभळे होणारे, उजवीकडे गुलाबी.

मी स्लाइड सरकवली. डावीकडचेही गुलाबी होते.

"म्हणजे स्पिरिटने रंग जास्त धुतला गेला," ते म्हणाले. "परत करू."

दुसऱ्या स्लाइडवर बाळाचे जंतू गर्द जांभळे निघाले. वॉर्डला फोन करून मी काकांना विचारलं, "तुम्हाला शंका कशी आली?"

"शंका कसली? मला हे दोन रंग वेगळे दिसतच नाहीत, नुसतं गडद-फिकं कळतं. म्हणून सव्वीस वर्षं ओळखीचे दोघे शेजारी ठेवून ताडून बघतो."

इतक्या वर्षांत त्यांचा एकही रिपोर्ट चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. सकाळी प्लेटवर जंतू वाढले, तेही जांभळा रंग धरणारेच निघाले.

माझे डोळे उत्तम आहेत. तेव्हापासून मीही कुणी न सांगता तीन ठिपके लावते.