पुढची जागा

हे लिहिणारच नव्हतो. दोन मित्र मोटर घ्यायला गेले, यात लिहिण्यासारखं काय? पण डोक्यातून जाईना.

शाळेत असल्यापासून आमची एक होडी आहे. लांबट, हलकी, दोघांनी वल्हवायची. मी पुढे, मित्र मागे. मी अखंड बडबडायचो आणि तो मागून वल्ह्याने पाणी उडवायचा, "तोंडाऐवजी हात चालव!" आता मला नोकरी लागली, लांबच्या शहरात. वारा असला की ती होडी त्याला एकट्याला आवरणार नाही, म्हणून मागे लावायला छोटी मोटर बघायला गेलो.

दुकानदार काकांनी दोन काढल्या आणि त्याला म्हणाले, "एकटाच चालवणार असशील तर ही हलकी घे. ती दुसरी जड आहे. मागे मोटर, मागेच तू, म्हणजे होडीचं नाक वर उठणार. मग पुढे कोणीतरी बसवावं लागेल."

मी म्हटलं, "हलकीच घे रे. उचलायलाही बरी."

त्याने दोन्ही उचलून बघितल्या. "काका, जडच द्या."

"अरे, पण पुढे वजन?"

माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "आहे एक. बोलतो जरा जास्त."

काका हसले. "आणि तो नसेल तेव्हा वाळूची गोणी ठेव."

 एका बाजूने त्याने मोटर धरली, दुसऱ्या बाजूने मी. दुकानाबाहेर आल्यावर मी म्हटलं, "गोणी भरू नकोस. सुट्टी मिळाली की आधी होडीत येईन, मग घरी."