गाडीला वाट

“नागा ते लेगाझ्पीची गाडी आठ वर्षांपूर्वी तुम्हीच बंद केलीत, आणि आता रुळांवरच्या माझ्या बांबूच्या ट्रॉलीवर बंदी? पोरांना काय रूळ चाटायला सांगू?” तेम्योंग भडकला.

“येणाऱ्या गाडीला धोका होतो. हुकूम आजपासून लागू,” ओस गावच्या स्टेशनावर नोटीस चिकटवत रेल्वेचे साहेब म्हणाले. मग तेम्योंगने ज्या ट्रॉलीवरून त्यांना ढकलत आणलं होतं, तिच्यावरच पुन्हा जाऊन बसले. “चल, नागाला सोड. इथून दुसरं काही मिळत नाही.”

तेम्योंगने त्यांना हात धरून उतरवलं, ट्रॉली उचलून गवतात ठेवली आणि तिच्यावर आडवा झाला.

“हे काय?”

“गाडीला वाट करून दिली, सर. तुम्ही तिनंच जा. फक्त एवढं सांगा, ती येते किती वाजता?”