नाथाजीचा नंबर

सलूनवाल्या नानासोनं वस्तरा पुसला आणि परत पेटीत ठेवून दिला.

"भाऊसो, राग मानू नगंस. माजीबी पोरंबाळं हायती."

खुर्चीतल्या भाऊसोनं आरशात बघितलं. महिन्याची दाढी, गाल बसलेले. जन्मभर ट्रक चालवलेल्या भाऊसोला एड्स झालाय, ही बातमी मिरजेच्या दवाखान्यातून तो परतायच्या आधीच गावात पोचली होती. नंबर लावून बसलेली माणसं एकेक करून उठली, बाहेर लिंबाखाली जाऊन उभी राहिली.

"नाथाजी, तुजा नंबर," नानासो म्हणाला.

बाकावर एकटा नाथाजी उरला होता. दोघं एकाच तालमीत वाढलेले. नाथाजी पलटणीत होता, तेव्हा त्याच्या आईला अग्नी भाऊसोनंच दिला होता. पण भाऊसो मिरजेहून आल्यापासून नाथाजी त्याच्या दारात गेला नव्हता. बायको म्हणाली होती, "जावा की. पन शिवू नगा."

भाऊसो खुर्चीला धरून उठू लागला. "नात जवळ येईना. म्हटलं, दाढीला भीत असंल."

नाथाजी उठला. त्यानं भाऊसोच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला खाली बसवलं.

"वस्तरा दे, नानासो. नवी पत्ती घाल."

"आन मग त्यो वस्तरा?"

"मी घिऊन जातो."

फेस लावून झाला. राठ केसांवरून पत्ती करकरत खाली आली. आरशात दारात गोळा झालेली तोंडं दिसत होती. नाथाजीला घाम फुटला. नजर सारखी तिकडं जायला लागली. हनुवटीखाली पत्ती अडकली आणि फेसात लाल ठिपका उमटला.

बाहेरची कुजबुज थांबली. भाऊसोनं नाथाजीचं मनगट धरलं, मग चटका बसल्यासारखं सोडून दिलं.

"बास कर, नाथा. घरी जा. साबनानं हात धू."

नाथाजीनं आपल्या खांद्यावरचा पंचा काढला. त्याचं टोक जखमेवर दाबून धरलं, रक्त थांबेस्तोवर. दारातली माणसं आता आतच बघत होती. त्यानं भाऊसोची मान दुसऱ्या बाजूला वळवली.

"हालू नगंस," तो म्हणाला. "गाल फुगव."

भाऊसोनं डोळे मिटले आणि गाल फुगवला.